आमच्या गच्चीवरचे सिमेंटचे पत्रे

भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून चौथा मजला कुणाला नको होता. आम्ही घेतला, कारण स्वयंपाकघराला लागून एक उघडी गच्ची होती आणि बायकोला ती आवडली. पावसाळ्यात मात्र पाणी दारातून थेट ओट्यापर्यंत यायचं. दुसऱ्या वर्षी मी गच्चीवर पत्रे घालायचं ठरवलं.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो, पण घरची कामं स्वतः करायची खोड होती. काशीमीऱ्याला एक जुनं गोदाम पाडत होते. तिथून सिमेंटचे पत्रे आणले. जुने असले तरी धड होते. लांबीला हातभर जास्त भरत होते, म्हणून रविवारी गच्चीतच कापायला घेतले. एक टोक स्टुलावर, दुसऱ्या टोकावर बायको बसलेली, पत्रा हलू नये म्हणून. मी करवत चालवत होतो. बारीक पांढरी पूड उडायची. मला ठसका लागला तसा मी तोंडाला रुमाल बांधला. तिने काही बांधलं नाही. ती बोलत होती.

"बघा, म्हातारी झाले मी," केसांवरची पूड दाखवत ती म्हणाली. मी हसलो.

असे तीन रविवार गेले. काम झालं की ती झाडायची. पूड इतकी हलकी की पुन्हा बसायची, मग ती पुन्हा झाडायची. माझा शर्ट कठड्यावरून झटकायची.

त्यानंतर दर मे महिन्यात मी शिडीवर चढून तारेच्या ब्रशने पत्र्यांवरचं शेवाळ खरवडायचो. ती खाली शिडी धरून उभी असायची. त्याच पत्र्याखाली तिची शिलाई मशीन होती. वीस-बावीस वर्षं तिने तिथे बसून आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवले. त्या पत्र्यांबद्दल मला कुणी काही सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. आमच्या मुलाच्या शाळेवर तेच पत्रे होते, रेशनच्या दुकानावरही तेच होते.

तिला दम लागायला लागला तेव्हा आधी जिन्याला दोष दिला. ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची आणि शेजारणीशी बोलायचं निमित्त करायची. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं. मग एक्स-रे काढला. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. ते सुईने काढलं, टीबी असेल म्हणून गोळ्या सुरू केल्या. पाणी पुन्हा भरलं. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे बायोप्सी झाली. फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणाचा कॅन्सर निघाला.

तिथली डॉक्टर माझ्या सुनेच्या वयाची होती. कागद समोर ठेवून तिने विचारायला सुरुवात केली.

"काम काय करायचात, मावशी?"

"शिवणकाम. घरीच."

"कधी कारखान्यात होतात? किंवा घरातलं कुणी?"

"नाही. हे कचेरीत होते."

"घरात सिमेंटचे पत्रे आहेत? कापताना, तोडताना जवळ होतात कधी?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच बायको म्हणाली, "नाही."

डॉक्टरने लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी समोरच्या कागदाकडे बघत राहिलो. बायकोकडे बघितलंही नाही.

रिक्षातून उतरून घरी आलो. दर मजल्यावर थांबत चढायला बराच वेळ गेला. ती पाणी प्यायली आणि मशीनपाशी जाऊन बसली, तेव्हा मी विचारलं, "नाही का म्हणालीस?"

"सांगून काय झालं असतं? तिने कागदावर लिहिलं असतं. आणि तुम्ही तो कागद वाचत बसला असता."

एवढंच. मग तिने भाजी काय करायची ते विचारलं.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आणायला मी एकटा गेलो, तेव्हा डॉक्टरला सगळं सांगितलं. करवत, ब्रश, झाडू. ती रागावली नाही. म्हणाली, त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा नुसता वर असला तर धोका कमी, पण कापला, फोडला, घासला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत येतात. ते छातीत जाऊन बसतात. आजार व्हायला वीस, तीस, चाळीस वर्षंही लागतात.

"म्हणजे माझ्यामुळे," मी म्हणालो.

"शंभर टक्के असं कुणी सांगू शकणार नाही, काका. पण या आजारात आम्ही पहिलं हेच विचारतो." मग तिने विचारलं, "ते पत्रे अजून आहेत? घरात लहान कुणी आहे?"

नातू तीन वर्षांचा होता. त्याची सायकल त्याच पत्र्याखाली असायची.

उपचार तेच राहिले. मी पत्रे काढायला माणसं बघितली. पहिला माणूस हातोडा घेऊनच आला. "अंकल, सीमेंट है, कुछ नहीं होता," म्हणाला. त्याला परत पाठवलं. दुसऱ्याला डॉक्टरने सांगितलं तसं सांगितलं. फोडायचे नाहीत, आधी पाण्याने भिजवायचे, नटबोल्ट खोलून अख्खे उतरवायचे, तोंडाला चांगला मास्क लावायचा. मास्क मीच आणून दिले. त्या दिवशी बायको, सून आणि नातू पूनम सागरला सुनेच्या माहेरी होते. खाली उतरवताना एका मजुराने मला विचारलं, "ये अच्छे हैं, मैं ले जाऊँ? घर पे डाल दूँगा."

मी त्याला ते किती वाईट आहेत ते सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या खोलीवर आतासुद्धा हेच आहेत. पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेम्पोत गेले. असे पत्रे टाकायला वेगळी जागा आहे, टेम्पोवाले म्हणाले. ते खरंच तिथे गेले की नाही, मला माहीत नाही.

घरी आल्यावर बायको गच्चीच्या दारात उभी राहिली. "ऊन फार येतंय," म्हणाली. मशीन आत घ्यायला लावली.

त्यानंतर ती नऊ महिने होती. शेवटचे काही आठवडे आडवं झोपता येत नव्हतं, म्हणून उशा लावून बसलेली असायची. मी पाठ चोळायचो. मला वाईट वाटत असणार. आता आठवायला गेलो तर उशांचे अभ्रे आठवतात, औषधांच्या वेळा आठवतात. रडल्याचं आठवत नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. सून गच्चीत कपडे काढत होती. मी तिला सांगितलं. पत्रे मीच कापले होते आणि बायको टोकावर बसली होती, आणि डॉक्टरशी ती खोटं बोलली होती.

सुनेने चादरीची घडी घातली.

"आईंना माहीत होतं? कशामुळे ते?"

"माहीत असावं. नाहीतर नाही कशाला म्हणाली असती?"

तिने चिमटे डब्यात टाकले. मग म्हणाली, "बाबा, यांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगा," ती म्हणाली, आणि घडी केलेली चादर माझ्या हातात दिली. संध्याकाळी मुलगा आल्यावर मी त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला. मग बूट काढायला लागला.