माती तपासून मिळेल

माती तपासायच्या ऑफिसात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. नाशिकला सत्तर-ऐंशीच्या काळात आमच्या टेबलावर पिशव्यांपेक्षा तेच जास्त असायचे! आमचे साहेब मात्र कोरडे. "नमुन्याशी नातं जोडायचं नाही," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावत.

*

कळवणच्या एका काकांची माती इतकी सकस निघाली, की साहेबांना संशय आला.

"काका, कुठली माती ही?"

"उकिरड्याची!"

"अहो, शेतातली आणायची ना!"

"ती नापास झाली असती, साहेब!"

*

चांदवडला साहेबांनी भाषण ठोकलं: हवेतलं नत्र हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत येतं, तिथून जमिनीत मुरतं. पुढच्याच आठवड्यात एक पाटील पोतं घेऊन हजर. गाठी आल्यात का बघायला पठ्ठ्यानं अख्खा वाफा उपटला होता!

"गाठी लय हायेत साहेब! आता नत्र कधी मुरंल?"

"पुढच्या वर्षी," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

*

साहेबांना एका मळेवाल्याचा पालक फार आवडायचा. डब्यात रोज तोच. एकदा तो मळेवाला माती घेऊन आला, तेव्हा जेवता जेवता साहेबांनी विचारलं, "पाणी कुठलं देता हो?"

"तुमचंच की! तुमच्या कॉलनीची गटार आमच्याच मळ्यात येती."

साहेबांनी डबा शांतपणे झाकला.

*

मथुराबाईंचा गुलाबाचा मळा होता. नवरा जाताना सांगून गेला, "मला मळ्यातच ठेव." दीर म्हणाले, अस्थी गोदावरीत, रामकुंडातच सोडायच्या. बाईंनी कुणाचं ऐकलं नाही, राख गुलाबाच्या वाफ्यात मिसळली. मग पाऊस झाला आणि दीर म्हणाले, "गेला दादा वाहून!"

बाई त्या वाफ्यातली माती घेऊन आमच्याकडे आल्या. "मालक हायेत का गेले, तेवढं बघा."

एरवी रसायनाच्या बाटलीला हात न लावणाऱ्या साहेबांनी तो नमुना स्वतः तपासला. बाई रिपोर्टला आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले.

"स्फुरद भरपूर आहे, बाई. हाडांच्या राखेतलंच असणार. वाहून गेलेले नाहीत."

बाईंनी हात जोडले. "समदे हायेत ना?"

साहेबांना खोटं बोलता येत नसे. "थोडं मुळांनी ओढलं असेल. ते फुलांत गेलं."



"अगं बाई! फुलं तर मी सकाळीच इकून आले!"