वरचा सूर

ऑकरिना हे माझं मुठीत मावणारं मातीचं वाद्य तोंडाशी नेलं, की श्वासाने दमटलेल्या मातीचा वास येतो आणि मला चिखला गावच्या खाण-कॉलनीतली एक संध्याकाळ आठवते. मी तिथल्या शाळेत नवीनच शिक्षिका होते आणि दुसऱ्या दिवशी मुलांसमोर वाजवायचं कबूल करून बसले होते. पण सगळ्यात वरचा सूर काही केल्या लागेना, नुसती हवा फुसफुसायची. रडकुंडीला येऊन मी वाद्य पायरीवर ठेवलं. शेजारी खाणीतून निवृत्त झालेले काका राहत. त्यांना दमा होता, एका वाक्यात दोनदा थांबावं लागे. अंगणातल्या खाटेवरून ते म्हणाले, "मॅडम, काहून इतकं फुंकून राहिल्या? चूल पेटवाची आहे का?" मी वाद्य घेऊन जवळ गेले, तेव्हा तळहात पुढे करून म्हणाले, "यावर फुंका. थंडी नाही, गरम हवा पायजे. पोटातून, सावकाश. मले डाक्टरनं असंच शिकवलं." त्यांना हात फार वर उचलवत नव्हता, म्हणून मी मान वाकवून फुंकत राहिले आणि ते "जास्त झाली", "आता बरी" असं सांगत राहिले. तशीच हनुवटी खाली ठेवून, तीच सावकाश हवा सोडत मी वाद्य ओठांना लावलं, तर तो सूर स्वच्छ लागला. काका हसले, हसता हसता खोकले आणि म्हणाले, "अजून एकडाव वाजवा." मी आनंदाने वाजवत सुटले. त्यांनी आपल्या मोजक्या श्वासांतले कितीतरी माझ्यासाठी खर्च केले होते, हे मला आज कळतं.