डेक्लन मुल्रायन आणि आईचा फोन

डेक्लन मुल्रायन यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहावे, असे संपादकांनी कळवले तेव्हा मला हायसे वाटले. समोर मी त्यांना नुसते 'डेक्लन' म्हणते; सगळा स्टुडिओच म्हणतो. पण मराठीत त्यांच्याविषयी एकवचनात लिहायला हात धजत नाही.

आमची ओळख २००१ सालची, सिंगापुरातली. माझे पती जुरोंग आयलंडवर इंजिनिअर, मुलगी शाळेत, आणि सेंगकांगच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर एकटी. एका वाहिनीवर डेक्लन यांचा दर आठवड्याला विनोदी गप्पांचा कार्यक्रम होत असे. तिथे प्रेक्षकांना जागेवर बसवण्याचे तात्पुरते काम मला मिळाले. पहिल्याच दिवशी एक उंच, लालसर चेहऱ्याचे गृहस्थ रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आले.

"घर कुठे तुमचं?"

"सेंगकांग."

"ते राहण्याचं ठिकाण झालं. घर कुठे?"

"मिरज," मी म्हटले. चार महिन्यांत हे नाव कुणी माझ्या तोंडून काढले नव्हते.

ते शेजारच्या खुर्चीत बसले. "सांगा पाहू, सकाळी तिथे पहिला आवाज कसला येतो?"

मी स्टेशनातल्या शंटिंगचे सांगितले, पाठोपाठ सुरू होणाऱ्या आईच्या बडबडीचे सांगितले. आतून त्यांना दोनदा बोलावणे आले. "या बाईंचं मिरज संपू दे," म्हणून त्यांनी दोन्ही वेळा परत पाठवले.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावात ते शाळेत गणित शिकवत. लग्नकार्यात आणि गावच्या पबमध्ये लोकांना हसवता हसवता ते तिथल्या टेलिव्हिजनवर पोहोचले आणि पुढे कित्येक वर्षे एका कार्यक्रमाचे निवेदक होते. आयर्लंडमध्येच नर्स म्हणून काम करणाऱ्या, मूळच्या सिंगापूरच्या मेलिन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मेलिन यांच्या वडिलांच्या आजारपणात दोघे इकडे आले, ते दोन वर्षांसाठी. दोनाची किती झाली, हे त्यांच्यासारखेच आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चाळिशी उलटल्यावर, ज्या शहरात आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे, क्लबातल्या छोट्या स्टेजवरून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "तिकडे भाजीवालासुद्धा हाक मारायचा," ते सांगत, "इथे मी काय काम करतो, हे सासूबाईंनीही तीन वर्षं विचारलं नाही."

त्यांच्या विनोदाला एक पथ्य होते. एकदा लेखकांनी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, टेबले पुसणाऱ्या आंटीच्या इंग्रजीवर एक प्रसंग लिहून आणला. वाचून सगळे हसलो, मीही हसले. डेक्लन यांनी कागद खाली ठेवला. "तिला चार भाषा येतात. मला एक, तीसुद्धा टॅक्सीवाल्याला कळत नाही. वेंधळा कोण?" प्रसंग पुन्हा लिहिला गेला. त्यात आंटी त्यांना इथल्या बोलीत कॉफी मागायला शिकवते आणि ते तीनदा नापास होतात.

कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असे. टेबलावरचा फोन उचलून ते आईशी बोलत. दोन्ही आवाज त्यांचेच. आई विचारायची, "तिकडे थंडी आहे का? स्वेटर घाल." प्रेक्षक पोट धरून हसत. पुष्कळांना ती आई काल्पनिक वाटे. प्रत्यक्षात ते दर रविवारी तिला फोन करत आणि तिची वाक्ये वहीत उतरवून घेत.

२००३ मध्ये, सार्सच्या साथीच्या दिवसांत, ती आई गेली. सिंगापूरहून येणाऱ्यांनी दहा दिवस कुणात मिसळू नये, असे त्यांच्या भावाला डॉक्टरांनी सांगितले होते. अंत्यविधी तिसऱ्या दिवशी होता. मेलिन इस्पितळात ड्यूटीवर; घरी यायलाही त्यांना परवानगी नव्हती. तालमीनंतर डेक्लन मला म्हणाले, "शुभदा, अर्धा तास थांबाल? काही बोलू नका. फक्त बसा."

संध्याकाळचे सहा वाजले होते, तिकडे सकाळ होती. भावाने चर्चमध्ये मोबाइल हातात धरला आणि इकडे स्पीकरवर सारे ऐकू येऊ लागले. धर्मगुरू सांगत होते, "त्या मला म्हणाल्या होत्या, धाकटा सिंगापुरात माझी नक्कल करतो म्हणे, आणि लोक हसतात. मी इथे बसून अस्सल बोलते, तर कुणी लक्ष देत नाही." सगळे चर्च हसले. डेक्लनही हसले, आणि मग दोन्ही हातांत तोंड लपवून रडले.

विधी संपला. भाऊ फोन बंद करायला विसरला असावा. खडीवरची पावले ऐकू येत होती, कावळे, गाडीचे दार, कुणीतरी सँडविच कमी पडतील म्हणत होते. मी फोनकडे हात नेला. त्यांनी मानेनेच नको म्हटले.

"हे आमच्याकडचे कावळे," ते हळूच म्हणाले.

वीस मिनिटे, आवाज आपोआप तुटेपर्यंत, ते आपले गाव ऐकत बसले होते.

पुढच्या आठवड्यात निर्मात्यांचा आग्रह होता की फोनचा भाग तसाच चालू ठेवावा. लोक त्यासाठीच कार्यक्रम पाहतात. डेक्लन म्हणाले, "ती होती तोवर ती नक्कल होती. आता ते खोटं होईल." कार्यक्रम बंद पडू शकेल, असेही त्यांना सांगण्यात आले. त्यांनी 'चालेल' अशी मान हलवली आणि मेकअपला गेले.

रेकॉर्डिंगच्या शेवटी त्यांनी फोनवर हात ठेवला, आई गेल्याचे साध्या शब्दांत सांगितले आणि प्रेक्षकांना विचारले, "तुमची आई फोनवर काय म्हणते?"

कुणी उठेना. माइक माझ्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कशीबशी म्हणाले, "माझी आई पहिलं वाक्य बोलते, 'ठेव आता, बिल वाढतंय.' आणि मग शेजारच्या तिन्ही घरांच्या सुनांचं सांगून होईपर्यंत ठेवू देत नाही."

हशा उठला. मागून एक टॅक्सीवाले अंकल उठून इथल्या खास 'लाह'सकट म्हणाले, "सेम, लाह! माझी आई टॅम्पिनीसला, मी सेंगकांगला, एकाच शहरात, तरी सेम!" मग मला माइक घेऊन धावावे लागले. पुढची पाच वर्षे कार्यक्रम त्याच भागावर संपत असे. मलाही तेव्हापासून त्यांनी लेखकांच्या टेबलाशी बसवले. दिवसभर घरात गप्प असणाऱ्या बाईला त्यांनी बोलते केले, याहून मोठा उपकार मला सांगता येणार नाही.

आता ते टॅम्पिनीसच्या कम्युनिटी क्लबमध्ये तरुणांना स्टेजवर उभे राहायला शिकवतात. गावचे घर विकले गेले आहे. मधे एकदा जाऊन आले, तर म्हणाले, "कावळे तेच आहेत. आमच्या दारात माझं नाव विचारणारी मुलगी मात्र नवीन."

तरीही पुढच्या महिन्यात मेलिन निवृत्त झाल्या की दोघे वर्षभरासाठी तिकडे राहायला जाणार आहेत. वर्षभर म्हणतात खरे, पण त्यांच्या हिशेबाचा अनुभव आम्हाला आहे. माझी मुलगी म्हणाली, "ही वोन्ट कम बॅक, लाह." मी तिला दटावले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

डेक्लन, तुमचे गुडघे त्या चढाच्या वाटांना पुरोत, मेलिनना तिकडची थंडी मानवो, आणि तुमची पंचाहत्तरी व शंभरी दोन्ही आम्हाला पाहायला मिळोत. परवा तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात. निघताना मी सांगितले की आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. लिफ्टचे दार मिटता मिटता तुम्ही तो शब्द तीनदा म्हणून पाहिलात. तिसऱ्यांदा अगदी बरोबर आला.