माझ्या नावाची मूठ

धुळ्यात, देवपुरातल्या एका भाड्याच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण रविवारी प्रार्थनेला जमतो. निवृत्त नर्स असलेल्या एक बाई तिथे पवित्र शास्त्र शिकवतात. गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर त्या म्हणाल्या, प्रत्येकाने शास्त्रातला एक माणूस निवडायचा आणि सुवार्ता सांगण्याबद्दल त्याच्याकडून काय शिकायला मिळतं, यावर पंधरा मिनिटं बोलायचं. पौल लगेच गेला. विहिरीवरची शोमरोनी स्त्री एका शिक्षिकेने घेतली. फिलिप्प गेला, पळून जाणारा योनाही गेला. यिर्मया कुणी मागितला नाही. मी अजून कुणालाच निवडलं नव्हतं, म्हणून बाई म्हणाल्या, "तुला मोठा भाऊ आहे ना रे? मग तू अंद्रिया घे."

अंद्रियाबद्दल शास्त्रात फारसं नाही. येशू भेटल्यावर तो आधी आपल्या भावाला शोधत गेला, मसीहा सापडला एवढंच बोलला आणि त्याला घेऊन आला. तो भाऊ म्हणजे पेत्र. पुढे पेत्र मोठा झाला, अंद्रिया मागे राहिला. आमच्या घरात उलटं झालंय. भावाने दहावीनंतर शाळा सोडली, गावाहून धुळ्याला काळीपिवळी जीप चालवायला लागला, म्हणून मी कॉलेजात आलो. आमच्या घरातला पहिलाच.

मी ठरवलं की आधी भावाला सांगायचं आणि मगच खोलीत बोलायचं. नुसतं वाचून बोलणं मला खोटं वाटत होतं. शिवाय एक गोष्ट मनात सलत होती.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू काढतात आणि ते वेगळे दळतात. तो रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी नुकताच प्रार्थनेला जाऊ लागलो होतो. ताटात रोट आला तेव्हा मी हात मागे घेतला आणि म्हणालो, मला चालत नाही. भावाने माझं ताट ओढून घेतलं. पोट भरलेलं असताना तो माझ्या वाटचा रोट खात राहिला, दुसऱ्या दिवशीही. मी समोर बसून पाहत होतो. मला वाटत होतं, मी खंबीर आहे.

गेल्या वर्षी गहू काढायच्या दिवशी मी घरी गेलो तो चार पानं लिहूनच. कॉलेजात सेमिनारला आम्ही मुद्दे काढतो, तसे मुद्दे काढले होते: पाप, पश्चात्ताप, तारण. खाली ओळी मारल्या होत्या. भाऊ गाडी धुऊन ओट्यावर बसला होता. मी शेजारी बसलो आणि वाचायला लागलो.

तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग हसून आमच्या बोलीत म्हणाला, "कागद ठेव ना भो. मनी परीक्षा शे का?"

"तसं नाही भाऊ, विसरायला नको म्हणून..."

"घरमा बी आते पुस्तकनी भाषा बोलशी?"

मी कागद खिशात घातला. पण कागदाशिवाय मला काहीच आठवेना. अंद्रियाला एक वाक्य पुरलं होतं. माझ्याजवळ ते वाक्यही नव्हतं. येशू मला सापडला होता, हे खरं होतं. पण तो आमच्या बोलीत कसा सांगायचा, हे मी कधी करून पाहिलं नव्हतं. प्रार्थनाही मी छापील मराठीतच करतो.

भाऊ म्हणाला, "बठ्ठं ऱ्हाऊ दे. एकच सांग. यंदा मना संगे रोट खाशी का?"

तो आशेने विचारत होता. ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी म्हणालो, "विचारून सांगतो."

"कोणले?"

मूर्तीला अर्पण केलेलं खावं की नाही, यावर पौलाने पत्रात बरंच लिहिलंय, भावाला ठेच लागेल असं वागू नका म्हणून समजावलंय. पण पौल दुसऱ्याच्या वाट्याला आला होता. मी तेवढी पानं वाचलीच नव्हती.

भाऊ उठून आत गेला. सूप घेऊन पोत्याशी बसला. एक मूठ वडिलांच्या नावाने काढली, एक स्वतःच्या. मग हात झटकले.

माय म्हणाली, "आनि धाकलानी?"

"तो पाव्हना शे," भाऊ म्हणाला. "पाव्हनाले रोट देतस का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही बोललो असतो. रोटाच्या दिवशी वहिनीने मला वेगळा वरण-भात वाढला.

पुढच्या रविवारी मी खोलीत अंद्रियावर बोललो. चारही पानं न अडखळता वाचली. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "भावाला सांगितलंस?"

"हो. त्याने ऐकून घेतलं."

सगळ्यांनी देवाची स्तुती केली. मी पानांची घडी घालून खिशात ठेवली.

आता मी यिर्मया वाचतोय. तो वर्षानुवर्षं बोलला आणि कुणी ऐकलं नाही. म्हणून मला तो जवळचा वाटायचा. पण यिर्मयाच्या भावांनी त्याला दगा दिला होता, असं तिथे लिहिलंय. माझ्या भावाने तर माझ्या वाटचा रोट खाल्ला होता. मला त्याच्यासाठी शास्त्रात जागा सापडत नाही, आणि स्वतःसाठी जी सापडते ती चांगली नाही.

दर वर्षी गहू काढायच्या आधी वहिनीचा फोन यायचा. या श्रावणात आला नाही. मीच केला, मायने घेतला. पौलाचं ते पत्र मी आता वाचलंय, यंदा येतो आणि भावाशेजारी बसून खातो, असं सांगायचं होतं. आमच्या बोलीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

माय म्हणाली, "दळन कालदिनच व्हयनं रे." मग म्हणाली, "दोन मुठीनंच."