गोष्ट संपली की पुस्तक हातात

माझ्या ताईशी बोलायचं म्हणजे आधी चाळणी घेऊन बसावं लागतं. ती जे सांगते त्यातलं घडलेलं किती आणि वाचलेलं किती, हे भल्याभल्यांना कळत नाही. मला तर मुळीच नाही. मी जन्मभर वीज कंपनीत मीटर रीडर होतो. लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचले, तेवढंच माझं वाचन. कादंबरी हातात घेतली की मला दुसऱ्या पानावर जांभई येते आणि मी ते लपवत नाही.

ताई बाइंडर आहे. बाजारात तिला सगळे बाइंडरबाईच म्हणतात. वाचनालयातली फाटकी पुस्तकं तिच्याकडे येतात. ती त्यांची शिवण उसवते, सोळा-सोळा पानांचे गठ्ठे सुटे करते, अशा एका गठ्ठ्याला बाइंडर लोक फर्मा म्हणतात, फाटलेल्या घड्या चिकटवते, फर्मे पुन्हा ओळीने शिवते आणि वर नवा पुठ्ठा चढवते. पण त्याआधी पुस्तक वाचते. "दुखणं कुठाय ते कळल्याशिवाय औषध कसं देऊ," असं तिचं म्हणणं. अगं बाई, पुस्तकाची पाठ सुटलीय, आंधळ्यालाही दिसेल. पण नाही, वाचणार म्हणजे वाचणार.

बरं, वाचते तर वाचू दे. सांगताना मात्र 'पुस्तकात असं आहे' हे तीन शब्द तिच्या तोंडून फुटत नाहीत. बारा वर्षांपूर्वी एकदा मला म्हणाली, "पोस्टमनने दुसरं घर केलं रे. पहिलीला पत्ता नाही." मी पुढचे दोन महिने आमच्या पोस्टमनशी तोंड वाकडं करून वागलो. शेवटी त्याच्या बायकोने मला रस्त्यात गाठून विचारलं, की भाऊ, आमच्या ह्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? मी घरी येऊन ताईला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "तो पोस्टमन? तो तर एकशे साठाव्या पानावर मरतो."

त्या दिवशी मी नियम घातला. गोष्ट संपली की पुस्तक हातात द्यायचं. पुस्तक दिलं तर गोष्ट पुस्तकातली, हात रिकामा राहिला तर खरी. ताईने तो नियम आजवर इमानदारीने पाळला. मी पुस्तक हातात घ्यायचो, नाव वाचायचो, वजन बघितल्यासारखं करायचो आणि परत द्यायचो.

यंदा आमची भेट आठ महिन्यांनी झाली. आधी माझ्या मुलीचं बाळंतपण, मग जावई पाय मोडून बसला, मग 'बाबा, आलाच आहात तर राहा ना थोडे दिवस'. तिथून सुटलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या दारात उभा राहिलो.

"या मीटरसाहेब," ती म्हणाली. "आवाजावरून ओळखलं. दारातच खोकतोस."

तिच्या बाहेरच्या खोलीतच कारखाना आहे. लांब टेबल, चाक फिरवून आवळायचा लोखंडी प्रेस, खळीचा डबा, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ. टेबल भिंतीपासून ओढून पार खिडकीला टेकवलं होतं. भर दिवसा डोक्यावर दोन दिवे चालू होते.

"मीटरवाल्याच्या बहिणीने उजेडात दिवे लावावेत म्हणजे कमाल आहे," मी म्हणालो.

"तुझ्या बापाचं काय जातंय?"

आमचा बाप एकच, हे ती भांडताना नेहमी विसरते. तिने चहा आणला आणि कप टेबलावर ठेवला तो अर्धा कडेच्या बाहेर. मी तो वरच्यावर झेलला म्हणून बरं. तिच्या नडगीवर हिरवा-निळा डाग होता. विचारलं तर म्हणाली, "स्टूल आडवं आलं." स्टूल ज्या जागी होतं, त्याच जागी ते वीस वर्षं आहे.

आमच्यात आधी माझी पाळी असते. मी नातीबद्दल सांगितलं. जावयाच्या घोरण्याबद्दल सांगितलं, आणि तिथल्या शेजाऱ्याने मला मीटर बघायला बोलावून घरचा मिक्सर दुरुस्त करून घेतला, तेही सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आता माझं."

पहिली बातमी, वरच्या मजल्यावरच्या रिटायर शिक्षिकेने लग्न केलं, तेही जुन्या विद्यार्थ्याच्या वडलांशी. हात रिकामा. म्हणजे खरं. मी आ वासला.

दुसरी, दीपगृहावरच्या एका माणसाची. तो स्वतःलाच पत्रं लिहायचा आणि स्वतःवरच रागावून उत्तर द्यायचा नाही. ती रंगात येऊन सांगत होती. वर्षातलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक म्हणे हेच. संपल्यावर तिने मागच्या फळीवर चाचपून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. ठीक.

मग थोडा वेळ ती दोऱ्याला मेण लावत बसली.

"आणि ती टेलरबाई," ती म्हणाली. "तिला कडेचं दिसेनासं झालंय. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तसं. हळूहळू नळी बारीक होत चाललीय. शिवण वाकडी जाते. कळतं तिला, पण सांगत नाही कुणाला."

"डॉक्टरकडे का जात नाही?"

"डॉक्टर म्हणेल, काम बंद करा. मग तिने काय करायचं? भिंतीकडे बघत बसायचं? आणि भिंत तरी किती दिवस दिसणार."

"तिच्या घरी कुणी नाही?"

"एक भाऊ आहे."

"मग तो काय करतो?"

"बडबड करतो," ताई म्हणाली. "माणूस वाईट नाही."

मला त्या भावाचा असा राग आला. मी म्हणालो, "माणूस कसला, गाढव आहे. सख्ख्या बहिणीचे डोळे चाललेत आणि ह्याला पत्ता नाही? असल्या भावाला उभा केला पाहिजे उन्हात." ताई दोऱ्याला मेण लावत राहिली. "पुढे काय होतं?" मी विचारलं.

"पुढचं अजून वाचलं नाही."

मी हात पुढे केला. "पुस्तक."

"कुठे ठेवलंय, सापडत नाहीये," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

आता ही काय भानगड? पुढचं वाचलं नाही म्हणते, म्हणजे पुस्तकातली गोष्ट. हात रिकामा, म्हणजे खरी. आणि जिची सुईसुद्धा कधी हरवत नाही, तिला पुस्तक सापडत नाही? घरी येऊन मी जेवलो, आडवा झालो, पण डोळ्याला डोळा लागेना. ताईच्या समोरच्या गाळ्यात खरोखर एक टेलरबाई आहे. तिचा भाऊ माझ्या ओळखीचा. बडबड्याही आहे. झालं, माझ्या डोक्यात गणित बसलं.

संध्याकाळी मी टेलरबाईकडे गेलो. ती मशीनवर होती. मी बाजूला उभा राहून तिच्या कानाशी हळूच हात हलवला. काही नाही. पुन्हा हलवला.

"काका, माशी हाकलताय की आणखी काही?" ती मान न वळवता म्हणाली.

"दिसतंय तुम्हाला?"

"तुमचं बटण तुटलंय तेसुद्धा दिसतंय. काढा शर्ट, लावून देते."

बटण लावून घेऊन परत आलो, आधीपेक्षा जास्त गोंधळलेला. म्हणजे गोष्ट पुस्तकातलीच. मग मी ठरवलं, आपणच ते पुस्तक शोधून ताईला नेऊन द्यावं. आयुष्यात एकदा तरी तिला चकित करावं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच मी पायरीवर बसलो होतो. ग्रंथपालबाईंना गोष्ट सांगितली. टेलरबाई, डोळे, नळी, गाढव भाऊ. त्यांनी डोकं खाजवलं, आतल्या दुसऱ्या बाईंना विचारलं. "असं पुस्तक आमच्याकडे नाही, काका. निदान बाइंडिंगला तरी गेलेलं नाही. तुमच्या ताईंकडे काय जातं ते माझ्या हातूनच जातं."

मग त्या घुटमळल्या. टेबलाखालून एक नव्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. "तुम्ही आलाच आहात तर सांगते. हे बघा."

मी उघडलं. पुठ्ठा झकास, कडा सरळ. शहाण्णव पानांपर्यंत सगळं नीट. त्यापुढे एकशे बारा, तेही उलटं. डोकं खाली, पाय वर. तिथून मागे येत येत सत्त्याण्णव. अख्खा फर्मा उलटा शिवलेला.

"या महिन्यातलं हे तिसरं," त्या म्हणाल्या. "बाई घाईत असतात का हल्ली? आमच्या कमिटीचं चाललंय, काम दुसरीकडे द्यावं म्हणून. मी थांबवून धरलंय, पण किती दिवस धरणार?"

मी त्यांच्यावर तडकलो. म्हणालो, पस्तीस वर्षं तिने तुमची पुस्तकं सांभाळली, एक फर्मा इकडचा तिकडे झाला तर लगेच कमिटी? त्या बिचाऱ्या ऐकून घेत राहिल्या. माझी वाचा वाक्याच्या मध्येच बसली. पस्तीस वर्षांत ताईने एक पान उलटं शिवलं नव्हतं. माणूस झोपेतसुद्धा फर्मा उलटा लावत नाही असं तीच म्हणायची, पानाचा आकडा डोळ्यात शिरतो म्हणे.

दोन दिवे. खिडकीला टेकवलेलं टेबल. कडेवरचा कप. जागचं न हललेलं स्टूल. दारात उभा होतो तर आवाजावरून ओळखलं म्हणाली.

मी पुस्तक मागून घेतलं आणि वाचनालयाच्या पायरीवर पुन्हा जाऊन बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. गाढव कोण ते एव्हाना कळलं होतं, आणि मला भयंकर भीती वाटत होती. तिच्यापुढे जाऊन काय बोलायचं? 'ताई, तुला दिसत नाही' असं म्हणालो तर ती मला दाभणच टोचेल. आणि ती सरळ 'हो' म्हणाली तर त्याहून वाईट. तिने पुस्तकाआडून सांगितलं होतं, ते मी पुस्तक बाजूला करून कसं ऐकणार?

तिथूनच फोन करून बाजारात माडीवर बसणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरची उद्याची वेळ घेतली आणि ताईकडे गेलो.

"आज पुन्हा?" ती म्हणाली.

"मी एक पुस्तक वाचलं," मी म्हणालो.

तिने हातातली सुई खाली ठेवली. "तू?"

"ऐक. एक माणूस असतो. मीटर रीडर. जन्मभर लोकांच्या अंधारातले आकडे वाचतो आणि स्वतःच्या बहिणीच्या घरात दिवे का वाढले ते त्याला वाचता येत नाही. बडबड करतो. मग एक दिवस तो एका टेलरबाईच्या कानाशी हात हलवून हसं करून घेतो. मग पायरीवर बसून घाबरतो. फार घाबरतो. मग तो माडीवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतो, उद्या दहाची. बहिणीने काम बंद करायचं की नाही ते नंतर भांडून ठरवू म्हणतो. पण नळी आहे तेवढी तरी राहिली पाहिजे म्हणतो."

खोलीत मेणाचा वास होता. ताई माझ्याकडे बघत होती, म्हणजे तोंड माझ्याकडे होतं.

"शेवट काय?" तिने विचारलं.

"पुढचं अजून वाचलं नाही."

तिने हात पुढे केला. "पुस्तक."

मी ते पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने पुठ्ठ्यावरून तळवा फिरवला, आपलं काम ओळखलं. उघडलं, पानं अंगठ्याखालून सोडत गेली, शहाण्णवाला थांबली. पान डोळ्यांजवळ नेलं. मग पुस्तक उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. बराच वेळ ती त्या एका घडीवर बोट ठेवून बसली. मला वाटलं आता रागावेल. मनातून मी तयारच होतो.

तिने पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं.

"दहाची नको," ती म्हणाली. "आठची मिळते का बघ. दहाला उन्हातून आत शिरलं की मला जिना दिसत नाही."