डाव्या कडेच्या सात जणी

वसराम राठोड लेन्स मोबाईलवर पारखत नाही. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यांची थप्पी भिंतीसारखी लागलेली असते. तिचा फोटो काढून तो चार फुटी प्रिंट काढून घेतो, मधला भाग वर्तमानपत्राने झाकतो आणि फक्त कोपरे बघतो. कोपऱ्यातल्या पोत्याची वीण दिसली, तर लेन्स ठेवायची. मध्यभागी कुठलीही काच शहाणीच असते, असं त्याचं म्हणणं. वीस वर्षं तो लग्नांचे फोटो काढतो आहे. ही रीत कधी चुकली नाही.

यंदा दिवाळीनंतर चुकली. त्याच्या बंजारा तांड्यावर नवं सभागृह झालं होतं आणि त्याच्या भिंतीवर सगळ्या तांड्याचा सहा फुटी फोटो लागायचा होता. फोटोच्या दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक निघणार, निम्मा तांडा चैतापर्यंत कारखान्यावर. वाइड लेन्स फोटोच्याच सकाळी घेतलेली. पारखायला वेळच नव्हता. दुकानदाराने मोबाईल पुढे केला होता, "बघा की, पापण्या दिसून राहिल्या." पापण्या मधल्या माणसाच्या होत्या.

फोटोत मधे बसले गावचे सरपंच तातेराव. बाया शेतातून शेवटी आल्या, म्हणून डाव्या कडेला उभ्या राहिल्या. सात जणी.

प्रिंट आली तेव्हा ट्रक त्या सातही जणींना घेऊन गेला होता. तातेरावांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. सात बायांची तोंडं मात्र ओल्या पाटीवर हात फिरवावा तशी पसरली होती. वसरामची आई जिवनबाई प्रिंटजवळ उकिडवी बसली. यातली आपली मिना कोणती, तिने विचारलं. मिना वसरामची सख्खी बहीण. त्याला सांगता आलं नाही.

त्याने प्रिंट गुंडाळली आणि लेन्सच्या दुकानात नेऊन काउंटरवर पसरली.

"कडेला कोण बघतं, वसरामभाऊ? आन् येवढं मोठं आता छापतं कोण?"

"आमी छापतो."

"मंग तेवढी कड कापून टाका. कुणाला कळतंय?"

"कड न्हाई ती. मान्सं हायेत." वसरामने गिऱ्हाइकांदेखत सातही जणींची नावं घेतली, एकेक बोट प्रिंटवर टेकवत. बोट कुणावर आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि त्याचाच त्याला जास्त संताप आला.

दुकानदाराने लेन्स बदलून दिली. पण लेन्स बदलली म्हणून उसाच्या फडात गेलेल्या बाया थोड्याच परत येणार होत्या?

उद्घाटनाच्या सकाळी तातेराव आले. "फोटो लाव की लेका. पाव्हणे येऊन राहिले."

"न्हाई लावत."

"काहून? माझा तर बराबर आलाय."

"तुमचाच आलाय, तात्या."

"ज्या हितं न्हाईत, त्यांच्यासाठी अडून बसतोस व्हय?"

"त्या चैतात येतील. तवा काढीन, तवा लावीन. तुमी तवाबी मधीच बसा."

तातेराव निघून गेले. दुपारी पाहुण्यांची भाषणं झाली. त्यांच्या मागे भिंतीवर चार खिळे होते, बाकी चुना.