पिंपळगावपर्यंतची केबल

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या डोणगावच्या ऑफिसात कीबोर्डच्या फटीफटीत तुरीची धूळ बसते, तसे ते बसत जातात. एखादं बटण अडकलं की कीबोर्ड उलटा करून झटकायचा, मग कळतं किती साचलंय!

आमची शेतकऱ्यांची कंपनी आहे. भागधारक शेतकरी, संचालकही शेतकरी. सोयाबीन, तूर, हरभरा आम्ही घेतो आणि एकत्र विकतो. व्यापाऱ्यापुढे मान खाली घालायची नाही, म्हणून काढलेली कंपनी! मी बंगळुरूत शिकले आणि तिथली नोकरी सोडून इथे आले, ती या एका वाक्यासाठी. आल्या आल्या वाट्याला आलं नेटवर्कचं बजेट.

*

पिंपळगाव राजाचं खरेदी केंद्र वंदनाताई एकट्या चालवतात. तिथलं इंटरनेट म्हणजे टिनाच्या छताला दोरीनं बांधलेलं डोंगल. बिल अडकलं की ताई पदर खोचून शिडीवर!

एकदा दुपारपर्यंत बिलच निघेना. तुरीच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. एक काका वैतागून ओरडले, "ओ ताई, आता तुरीले कोंब फुटतीन!"

ताई शिडीवरूनच म्हणाल्या, "फुटू द्या काका, मटकीच्या भावात घेतो!"

रांग हसली. पण त्याच महिन्यात संचालक मंडळात विषय निघाला, पिंपळगावचा हिशेब कायम उशिरा येतो, केंद्र बंद करू. मी उसळून म्हणाले, "कुलूप नको, नेटवर्क द्या!" अध्यक्ष नानाभाऊ शांतपणे म्हणाले, "मंग मांड बजेट, पोरी."

ताईंना फोन केला. त्यांच्या दोन मुली खामगावला शिकतात, घर त्यांच्याच पगारावर आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, सेंटर वाचलं पाह्यजे."

*

मी स्लाइड्स करून गेले. फायबर केबल, राउटर, स्विच, सगळं मराठीत. संचालक गुलाबराव लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजे हे केबल जमिनीत गाडाचं?"

"हो."

"गाडल्यावर दिसन का?"

"नाही."

"मंग सभेत लोकाईले दाखवाचं काय? मातीवर बोट ठेवून सांगाचं, की इथं तुमचा पैसा हाये?"

आमच्याकडे खर्च दिसावा लागतो. त्याच्यापुढे नारळ फुटावा लागतो, फोटो निघावा लागतो. त्यामुळे बजेटात एक कमान आली. गेटवर, कंपनीच्या नावाची. मी वाद घातला, घसा बसेपर्यंत. गुलाबराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, कमान हँग होत नाई!"

*

तीन कोटेशन घेण्याचा नियम आहे. तो खरोखर पाळायचा, असं मी ठरवलं. पहिला दुकानदार आला, जागा पाहिली, चहा घेतला आणि विचारलं, "बाकीचे दोन मीच आणू का मॅडम?"

मी भडकले. पारदर्शकता, निकोप स्पर्धा, शेतकऱ्याचा पैसा, सगळं बोलून घेतलं.

तो बिचारा दुखावला. "स्पर्धा असते ना मॅडम! दरवेळी मीच जिंकतो."

*

बॅटरी बॅकअपची ओळ नानाभाऊंनी स्वतःच्या हातानं खोडली. आमच्या दुसऱ्या, वडनेर भोलजीच्या केंद्रात लाईन म्हणजे वीज गेली की अर्धवट बिलं उडतात, हे मी परोपरीनं सांगितलं. बॅकअप असला की लाईन गेली तरी काम थांबत नाही.

नानाभाऊ खरंच विचारात पडले. "पण काम थांबलंच नाई, तं लाईन गेली हे लोकाईले समजन कसं?"



*

आणि कडता! धूळ आणि ओलाव्याच्या नावाखाली व्यापारी प्रत्येक पोत्यामागे थोडं वजन कापतो, तो कडता. ही कापाकापी बंद व्हावी म्हणून तर आमची कंपनी निघाली. पण पिढ्यान् पिढ्या सोसलेली गोष्ट हातात मुरते.

बजेट शेवटी मंजुरीला आलं तेव्हा नानाभाऊंनी केबलच्या लांबीच्या आकड्यावर बोट ठेवलं. "यातून कडता काप."

"नानाभाऊ, ही केबल आहे, तूर नाही. मोजून लिहिलीय."

"दुकानदारानं वाढवूनच लिहिलं असन. काप!"

कापली. पिंपळगावात केबल रस्त्यानं नीट आली, वळणावर वळली आणि आमच्या केंद्राच्या अलीकडे, चहाच्या टपरीपाशी संपली. पुढे केबलच नाही! राउटर टपरीत, बिस्किटांच्या बरण्यांमागे बसवावा लागला. ताई लॅपटॉप घेऊन टपरीत बसू लागल्या. चहावाला गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा, "सध्या कंपनी माह्याकडंच हाये."

मला मात्र हसू येईना. इतके दिवस लढून मी ताईंना शिडीवरून उतरवलं होतं, ते टपरीतल्या बाकड्यावर!

*

मग मी मांडणीच बदलली. यांना दिसणारं हवं ना? दाखवते! उरलेली केबल, बॅकअप, शिवाय प्रत्येक केंद्रावर कॅमेरे आणि डोणगावच्या ऑफिसात मोठा टीव्ही. बिलंही इथूनच काढता येतील, असं स्लाइडवर ठळक लिहिलं.

गुलाबराव पुढे सरकले. "म्हंजे इथं बसून पिंपळगावचा वजनकाटा दिसन?"

"काटाच काय, काट्यावर बसलेली चिमणीपण दिसेल!"

बजेट एकमतानं मंजूर. कडता नाही! ताईंना कळवलं तर त्यांनी हमालांना पेढे वाटले.

पहिल्या व्हिडिओ मीटिंगला सगळे संचालक टीव्हीसमोर जमले. पडद्यावर पिंपळगावचं केंद्र लख्ख. काट्याला हार घातलेला, शेजारी नव्या साडीत वंदनाताई. आम्ही त्यांना पाहत होतो, त्या आम्हाला.

गुलाबराव बराच वेळ पडद्याकडे टक लावून होते. मग म्हणाले, "काटा दिसते. गोडाऊन दिसते. बिल इथूनच निघते. हमाल तं हायेतच. मंग तिथं पगारी माणूस काऊन ठेवाचा?"

नानाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, जमते ना इथून?"

जमत होतं. माझ्याच स्लाइडवर तसं लिहिलेलं होतं. मी घाईनं रिमोट उचलला आणि आवाज बंद करायचं बटण शोधू लागले.

"राहू द्या मॅडम," टीव्हीतून वंदनाताई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुमचं बोलणं पह्यल्यांदाच न तुटता ऐकू येऊन राह्यलं."